टेन्शनमध्ये मन कुठं लावायचं आणि किती वेळ

‘मन दुसरीकडं लाव’ हा सल्ला आपल्याकडं फुकट मिळतो. बँकेची नोटीस येवो, पोराचे टेस्टमधले मार्क घसरोत, सोयाबीन पाण्यात जावो की ठरलेली सोयरीक मोडो, पारावर बसलेला प्रत्येक जण हेच सांगतो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. मन कशात लावायचं, किती वेळ लावायचं आणि तिथून परत कधी यायचं, हे कुणी सांगत नाही. त्यामुळं एकाच सल्ल्यावर एक जण भजनाला जाऊन हलका होऊन येतो, दुसरा धाब्यावर जाऊन बसतो आणि तिसरा रात्री दोनपर्यंत रील्स बघून सकाळी आणखी चिडका होऊन उठतो. मन तिघांनीही दुसरीकडंच लावलेलं असतं.

पूर्वी डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्यांसाठी वाटेवर विसाव्याचे ओटे असायचे. कमरेला न वाकता भारा टेकवता यावा एवढ्या उंचीचे. घटकाभर टेकायचं, घाम पुसायचा, भारा परत डोक्यावर. त्या ओट्यावर कुणी मुक्काम ठोकत नसे. या लेखात जे काही आहे ते त्या ओट्याच्या उंचीबद्दल आणि त्या घटकेच्या लांबीबद्दल आहे.

सुरुवात एका प्रश्नानं करायची: ह्या तासात माझ्या हातात करण्यासारखं काही आहे का?

सप्टेंबरात शेतात गुडघाभर पाणी आहे. फोटो काढून झाले, अर्ज देऊन झाला, पंचनाम्याला माणसं परवा येणार आहेत. आता बांधावर दहा चकरा मारल्यानं पाणी ओसरत नाही. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, तपासणीला दिलेला नमुना आहे, रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे. परीक्षा देऊन झाली, निकाल पुढच्या आठवड्यात आहे. अशा वेळी हातात काहीच नसतं आणि डोकं मात्र फिरत राहतं. इथं मन वळवणं हेच शहाणपण. यात पळपुटेपणा नाही, उलट जीव राखून ठेवणं आहे.

आता दुसरं चित्र. कपाटावर न उघडलेलं पाकीट पडलंय. ते उघडायला दोन मिनिटं लागतात, पण तीन आठवडे झाले, रोज त्याच्याकडं पाठ करून टीव्ही लागतो. इथं हातात करण्यासारखं होतं, तरी मन दुसरीकडं लावलं. दरम्यान पाकिटातल्या नोटिशीची मुदत चालूच असते. भीती तर दर दिवशी थोडी वाढते, कारण टाळल्याबरोबर जो हायसं वाटण्याचा झटका मिळतो तोच मेंदूला शिकवतो की ती वस्तू खरंच धोक्याची होती.

म्हणून हातात काही असेल तर आधी दहा मिनिटं त्याला द्यायची. पाकीट उघडायचं, वाचायचं, कागदावर एक ओळ लिहायची: कुणाला भेटायचं, कोणत्या वारी. मग खुशाल भजनाला जा. क्रम उलटा केला की काम होत नाही, कारण मन रमल्यावर उठून पाकीट उघडणारा माणूस विरळा.

मन वळतं कसं, हे थोडं समजून घेतलं तर साधन निवडणं सोपं जातं. चालू क्षणी डोक्यात धरून ठेवायची जागा फार लहान असते, शाळेतल्या पाटीएवढी. त्यावर एका वेळी चारेक गोष्टी मावतात. काळजी हीसुद्धा त्याच पाटीवर लिहिली जाते, शब्दांत (‘आता कसं होणार, लोक काय म्हणतील’) किंवा चित्रांत (अपघाताचं दृश्य, वाहून गेलेली माती). पाटी दुसऱ्या कामानं भरली तर काळजीला जागा उरत नाही. पण पाटी भरणारं काम पाहिजे. डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारं काम चित्रांना हटवतं, शब्दांचं काम शब्दांना हटवतं.

ऑक्सफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अपघात-जखमांची दृश्यं असलेली फिल्म दाखवली, अर्ध्या तासानं त्यातल्या काहींना दहा मिनिटं टेट्रिस हा ठोकळे बसवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्या लोकांना ती दृश्यं अचानक डोळ्यांपुढं येण्याचं प्रमाण कमी राहिलं. ठोकळा फिरवून कुठं बसेल हे मनात बघावं लागतं आणि तीच जागा दृश्यांनाही लागते. टेट्रिसच हवं असं नाही. आपल्याकडं ठिपक्यांची रांगोळी आहे. पंधरा ते एक ठिपक्यांची नवी रांगोळी, आधी कधीच न काढलेली, वहीत बघून काढायला घेतली तर डोळे, बोटं आणि मोजणी तिन्ही अडकतात. वाकळ शिवताना तुकडे जुळवणं, सायकलचं पंक्चर काढणं, मोटरच्या स्टार्टरची पेटी साफ करून वायरी नीट लावणं (मेन स्विच बंद करून, आणि डोकं एवढं भणभणलेलं नसताना), ही सगळी त्याच जातीची कामं.

डोक्यात शब्दांचा गोंगाट असेल तर शब्दांचं काम घ्यायचं. शंभरातून सात-सात वजा करत खाली यायचं. सतराचा पाढा उलटा म्हणायचा. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्याच्याकडून अडीचकी शिकायची: एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात. पावकी-निमकी-पाऊणकी-सवायकी-दिडकी ही जुन्या शाळेतल्या अपूर्णांकांच्या पाढ्यांची जी फौज होती, ती नुसती हिशेबासाठी ठेवू नका. रात्री तीनला जाग आल्यावर ती मोबाइलपेक्षा शंभरपट चांगली. हरिपाठाचा एखादा न येणारा अभंग पाठ करणं हेही त्यातच येतं. येणारा अभंग नुसता म्हणणं मात्र त्यातलं नाही, आणि याचं कारण महत्त्वाचं आहे.

जे काम हाताला पाठ झालंय ते पाटीवर जागा घेतच नाही. वीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईचं डोकं भाकरी थापताना मोकळंच असतं, म्हणजे काळजीला पूर्ण मोकळं. कापूस वेचताना, धुणं धुताना तसंच. ‘कामात असली की विसरते’ असं घरचे म्हणतात, ते बऱ्याचदा खरं नसतं. विसरायला त्या कामात थोडा अडथळा घालावा लागतो: धुताना रेडिओवरची श्रुतिका ऐकणं, निवडताना खडे मोजणं, भाकरीचं पीठ आज नेहमीच्या एकाच धान्याऐवजी वेगवेगळ्या धान्यांचं मिश्रण करून मळणं. बाईच्या दिवसात सलग अर्धा तास मिळणं अवघड, तेव्हा पाच-पाच मिनिटांचे तुकडे चालतात. नळाला पाणी यायची वाट बघत उभं राहण्याची वेळ ही सगळ्यात वाईट, कारण तेव्हा हात रिकामे असतात. त्या वेळेसाठी एक पाठांतर ठरवून ठेवलेलं बरं.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल जाता जाता. ओवीला लोक करमणूक समजतात. पण तिच्यात हात जड कामात, श्वास लयीत आणि तोंडात सासर-माहेराचं दुःख, असं तिहेरी काम चालायचं. दुःख झाकलं जात नव्हतं, ते साडेतीन चरणांत बसवावं लागत होतं. मन वळवणं आणि मन मोकळं करणं एकाच वेळी. पिठाची गिरणी आली ते चांगलंच झालं, जातं काही सुखाचं नव्हतं. पण ते दुहेरी काम करणारं दुसरं काही बायकांना आपण दिलं नाही, हेही खरं.

‘विचारच करायचा नाही’ असं ठरवणं हा सगळ्यात जास्त केला जाणारा आणि सगळ्यात हमखास फसणारा उपाय. वैद्यानं सांगितलं की औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपल्याकडं लहानपणीच ऐकवतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये हेच मोजलं. विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून बसवलं आणि आला तर घंटा वाजवायला सांगितली. घंटा वाजत राहिल्या. शिवाय नंतर मोकळीक दिल्यावर दाबणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल जास्त आलं. या प्रयोगाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही आणि तोच कामाचा आहे. दुसऱ्या वेळी काही जणांना सांगितलं की अस्वल आलंच तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. ही एकच पर्यायी जागा मिळाल्यावर नंतरची उसळी कमी झाली.

म्हणजे ‘कुठून काढायचं’ हे सांगून मन हलत नाही, ‘कुठं ठेवायचं’ हे सांगावं लागतं. तेही एकच ठिकाण. दहा ठिकाणी उड्या मारणारं मन दर उडीला मधल्या फटीत परत मूळ काळजीवर येऊन आदळतं.

आता मोबाइलबद्दल. रील्स मन वळवायला का कमी पडतात ते वरच्या दोन गोष्टींवरून दिसतं. एक, पाटी भरत नाही, कारण बघणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. अंगठा सरकतो, खाली काळजी चालू. दोन, दर अर्ध्या मिनिटाला ठिकाण बदलतं. तिसरी अडचण वेगळी: त्यांना शेवट नाही. भजनाला आरती असते, क्रिकेटला शेवटचं षटक असतं, पिक्चरला पाट्या पडतात. रील्सला पाट्या पडत नाहीत. मधूनच एखादी खरंच मजेशीर निघते आणि पुढची तशी निघेल या आशेवर दीड तास जातो. लॉटरीची खिडकी याच तत्त्वावर चालते. यात झोपेचा जो तुकडा जातो तो पहाटेचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच काळजी दुप्पट जड लागते.

फोन फेकून द्या असं कुणी सांगू नये, कुणी फेकत नाही. पण काही बारीक गोष्टी करता येतात. चार्जर झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावा आणि उठवायला साधं गजराचं घड्याळ घ्या. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, त्यात ‘बेडटाइम मोड’. तिथं रात्री साडेनऊपासून पडदा काळा-पांढरा होईल असं ठेवा. रंग गेला की निम्मी मजा जाते. आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद करा. आणि बघायचंच असेल तर शेवट असलेलं बघा: एक भाग, एक डाव, एक कीर्तन. लोक इथं नेहमी एक चूक करतात. पहिल्याच दिवशी दोन तासांवरून शून्यावर येतात, हात रिकामे राहतात आणि चौथ्या दिवशी तीन तास होतात. रिकामा झालेला तास आधी कशानं भरायचा ते ठरवा, मग काढा.

सोयाबीनचा भाव दिवसातून पंधरा वेळा बघणं, हवामानाचे पाच अंदाजकार एकामागून एक ऐकणं, हेही मन वळवणं नव्हे आणि कामही नव्हे. ही काळजीच आहे, फक्त कामाचे कपडे घातलेली. बाजार समितीत सौदा निघाल्यावर भाव एकदा बघायचा. पावसाचा अंदाज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तोही एकाच ठिकाणचा. फवारणी किंवा काढणी तोंडावर असेल तर तीनदा. याहून जास्त बघितल्यानं निर्णय बदलत नाही.

दारूबद्दल नीतीचं प्रवचन नको, हिशेब बघू. ती काम करते, म्हणून लोक पितात. तासाभरात अंग सैल पडतं, डोक्यातली बडबड मंदावते, झोप लवकर लागते. मग तीन-चार तासांनी अंमल उतरू लागला की मेंदू उलट्या बाजूला झुकतो. झोप तुटते, छाती धडधडते, घाम येतो, आणि पहाटेचे तीन वाजलेले असतात. सकाळची जी कासाविशी असते तिचा बराच भाग कालच्या दारूचा असतो, कर्जाचा नसतो. पण माणूस ती कर्जाच्या नावावर टाकतो आणि संध्याकाळी परत पितो. रोजचे १०० रुपये धरले तर वर्षाचे ३६,५००. सोयाबीनच्या २०२५-२६ च्या हमीभावानं, म्हणजे ५,३२८ रुपयांनं, जवळजवळ सात क्विंटल. बाजारात हमीभाव मिळाला नाही तर त्याहून जास्त पोती. म्हणजे जे ओझं विसरायला बसला त्यात रोज भर. एक इशारा मात्र गंभीर आहे: कित्येक महिने रोज भरपूर पिणाऱ्यानं जिद्दीनं एका दिवसात बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं हे होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. सरकारी दवाखान्यात दाखवून, औषधाच्या आधारानं सोडायची.

तंबाखू, गुटखा, मावा यांची गंमत निराळी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तो कुठं मिळतो हे प्रत्येक गावाला माहीत आहे. ‘पुडी टाकली की डोकं शांत होतं’ हे खरं वाटतं, पण शांत होते ती आधीच्या पुडीची मागणी. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मं होतं, मागणी सुरू होते, ती पुरवली की बरं वाटतं. इथं मन वळवणं फार उपयोगी पडतं, कारण तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो. घोटभर घोटभर एक तांब्या पाणी, बडीशेप किंवा लवंग, जागेवरून उठून चालणं, कुणाला तरी फोन. तंबाखू सोडायला मदतीची सरकारी फोनसेवा १८००-११-२३५६ वर आहे.

आणि पत्ते. सणाला घरात मांडलेला डाव वेगळा आणि पैशांवरची तिर्रट वेगळी. जुगार पाटी अगदी पूर्ण भरतो, म्हणूनच त्यात मन इतकं रमतं. पण हरल्यावर ‘तेवढे निघाले की उठतो’ सुरू होतं, आणि मन वळवायला घेतलेली गोष्ट स्वतःच मूळ टेन्शनपेक्षा मोठी होते. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तरी ‘लिंक पाठवतो’ म्हणणारा कुणी भेटला तर समजा की तिथं हरलेले पैसे परत मिळतील याचा काही भरवसा नाही.

एक पळवाट अशी आहे की तिला कुणीच नावं ठेवत नाही: काम. घरात बोलायची वेळ आली की दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात पहाटेपासून राबणारा माणूस. सासू-सुनेचं बिनसलं की डबे घासायला काढणारं घर. गावच्या सप्ताहाची सगळी पंगत अंगावर घेणारा, ज्याचं स्वतःच्या भावाशी वाटणीवरून सहा महिने बोलणं नाही. लोक कौतुक करतात म्हणून हे ओळखायला सगळ्यात कठीण जातं. खूण एकच: काम संपत आलं की हायसं वाटण्याऐवजी धास्ती वाटते आणि लगेच दुसरं काम शोधलं जातं.

पारावरच्या गप्पांचंही तसंच. चार जण मिळून हसले तर विसावा. चार जण मिळून तेच ते उगाळत बसले, एकानं सांगितलं की दुसऱ्यानं त्याहून वाईट सांगितलं, तर उठताना डोकं जास्त जड असतं. पहिली दहा मिनिटं रडगाणं, मग विषय बदलायचा, असा बेत दोघांत ठरवता येतो. सवयीच्या मित्रांना तो पटतो, आपण समजतो त्याहून लवकर.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या खोल्यांवर राहून नीट-जेईई करणाऱ्या पोरांसाठी थोडं वेगळं. तिथं ताण रोज आणि ठरलेल्या वेळी येतो: टेस्ट, निकाल, क्रमांकाची यादी. म्हणून विसावाही आधीच ठरवता येतो. पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुट्टी, सुट्टीत फोन नाही. दहा मिनिटांत जी गोष्ट संपत नाही ती दहा मिनिटांच्या सुट्टीत घ्यायचीच नाही. गच्चीवर चालणं, बादलीभर कपडे पिळणं, दोरीवरच्या शंभर उड्या चालतात. टेस्टचा निकाल वाईट आला तर लगेच चुका तपासायला बसू नका, त्या वेळी डोकं फक्त शिव्या देतं. तीस-चाळीस मिनिटं खेळून या, आंघोळ करा, जेवा, आणि त्याच दिवशी झोपायच्या आधी चुकलेले प्रश्न वहीत उतरवा. नुसते उतरवा, सोडवणं उद्या. ‘त्याच दिवशी’ हे महत्त्वाचं. लागोपाठ तीन टेस्टचे चुकलेले प्रश्न तसेच पडले असतील तर तो विसावा राहिलेला नाही. आईवडिलांनी फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा विचारू नये, हे इथं सांगून किती जण ऐकतील माहीत नाही, पण सांगायला हवं.

काळजी फारच वर चढली, छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, तर पाढे-रांगोळी काही चालत नाही. आधी अंग खाली आणावं लागतं. पसरट भांड्यात माठातलं गार पाणी घ्या, खुर्चीत किंवा बाजेवर बसून पुढं वाका, श्वास रोखून कपाळ, डोळे आणि गालाची हाडं पाण्यात बुडतील असा चेहरा पंधरा ते तीस सेकंद ठेवा. तसं जमत नसेल तर गार ओलं फडकं डोळ्यांवर आणि गालांवर दाबून धरा. चेहऱ्याला गार पाणी आणि रोखलेला श्वास हे एकत्र आले की नाडीचे ठोके मंदावतात, शरीराची ती उपजतच सोय आहे. मे महिन्यात नळाचं पाणी घेऊ नका, दुपारी ते चहाचं आधण असतं. हृदयविकार असलेल्यांनी किंवा ठोके कमी करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे करू नये. त्यांनी श्वासच घ्यावा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांब हवं, उलटं केलं तर घेरी येऊ शकते. भजनात हेच आपोआप होतं, कारण लांब ओळ म्हणताना श्वास बाहेरच जात असतो.

आता किती वेळ. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या प्रयोगांत उदास माणसांना फक्त आठ मिनिटं तटस्थ गोष्टींवर लक्ष लावायला दिलं तरी मूड सुधारत असे, तर तेवढाच वेळ ‘मी असा का आहे’ याचा विचार करायला दिला की तो आणखी खालावत असे. म्हणजे विसावा फार मोठा लागत नाही. रोजच्या ताणाला दहा ते चाळीस मिनिटं पुरतात. घड्याळाचा गजर लावायचा आणि गजर झाल्यावर काय करायचं तेही आधी ठरवायचं, नाहीतर तो दाबून माणूस तसाच बसतो.

परत यायची जागा ठरलेली असली की मन निघून जायला घाबरत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीखोर लोकांवर एक साधी पद्धत वापरून बघितली: काळजीला रोज ठरलेला अर्धा तास, ठरलेली जागा. गावाकडं धार काढून झाल्यावरची, साडेसहा-सातची वेळ बरी पडते. झोपायच्या आधीची नको, अंथरुणात तर नकोच. दिवसभरात काळजी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं दोनच शब्द लिहायचे: ‘बँक’, ‘पोरीची फी’, ‘मोटर जळाली’. मग ‘सातला बघू’ म्हणून हातातलं काम पुढं. सात वाजता एकेका शब्दापुढं पुढची एक पायरी लिहायची. ‘बँक’पुढं ‘काळजी करू नये’ असं लिहिलं तर उपयोग शून्य. तिथं असं पाहिजे: मंगळवारी अकराला शाखेत, सोबत पासबुक, सातबारा, आठ-अ, आणि विचारायचं की कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून मिळणं, होतंय का. ज्याला पायरीच नाही, उदाहरणार्थ घरात झालेला मृत्यू, त्यावर पंधरा-वीस मिनिटं मनात येईल तसं लिहायचं, तीन-चार दिवस. व्याकरण बघायचं नाही, लिहून झाल्यावर कागद फाडला तरी चालतो.

सुरुवातीच्या आठवड्यात बऱ्याच जणांना त्या अर्ध्या तासात काळजी सुचतच नाही आणि नऊला सगळी दारात उभी राहते. तेव्हा उठून दोन शब्द लिहायचे आणि उद्याच्या सातवर ढकलायची. आठ-दहा दिवसांत वेळ बसते. वीस मिनिटं झाली तरी झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप आली की परत. घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवायचं.

काही वेळा हे सगळं थिटं पडतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेलेली, कशातच मन न लागणं, कामं अडलेली, किंवा दारू-तंबाखूचं माप वाढत चाललेलं, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जायचं. आणि ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा कानावर आली तर ‘मन दुसरीकडं लाव’ हे म्हणायचंच नाही. सरळ विचारायचं की जीव द्यायचं मनात येतंय का. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात कल्पना भरत नाही. त्याला एकटं ठेवायचं नाही, फवारणीची औषधं घरातून उचलून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवायची, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी लावला तरी चालतो.

शेवटचं काम कागदाचं. टेन्शन चढल्यावर ‘आता काय करू’ हे सुचत नाही आणि हात सवयीनं मोबाइलकडं किंवा पुडीकडं जातो. म्हणून डोकं शांत असताना यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. तीन रकाने: दोन मिनिटांचं, दहा मिनिटांचं, अर्ध्या तासाचं. प्रत्येकात दोन-तीन गोष्टी. पुस्तक वाचणं पहिल्या रकान्यात टाकू नका. भणभणलेल्या डोक्यानं ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. भजनी मंडळ गुरुवारीच भरत असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. निदान एक गोष्ट अशी हवी जिला दुसरं माणूस लागत नाही, एक जिला पैसा लागत नाही, आणि एक जी अंधारात करता येते. शेतीची लाइन रात्रीची असली की माणूस मोटरीपाशी बॅटरी घेऊन एकटाच बसलेला असतो, फोनची चार्जिंग संपत आलेली असते, आणि वाफा भरायला अजून पाऊण तास असतो. अडीचकी त्या पाऊण तासासाठी शिकून ठेवायची.